शपथेत क्रिकेटचा उल्लेख नाही

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. दीड दशकाहून अधिक काळ पत्नीसह मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट या उपनगरात राहतो. मुलगा इथेच जन्मला, आता तेरा वर्षांचा आहे आणि इथल्या क्लबकडून क्रिकेट खेळतो. क्रिकेट हा माझा जीव की प्राण आहे. आयपीएलचे सामने इथे मध्यरात्री सुरू होतात, तरी मी जागतो. वडिलांना वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षे ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व टाळले, पण आता अर्ज मंजूर झाला असून येत्या 26 जानेवारीला शपथविधी आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही. शपथ घेतल्यानंतर भारताच्या बाजूने ओरडण्याचा अधिकार मला उरतो का, हा प्रश्न झोपू देत नाही. 2024 च्या बॉक्सिंग डे कसोटीच्या (26 डिसेंबरला मेलबर्नमध्ये सुरू होणाऱ्या सामन्याच्या) शेवटच्या दिवशी मुलगा ऑस्ट्रेलियाची टोपी घालून माझ्या शेजारी बसला होता. तो फोटो पाहून आमच्या मराठी मित्रांच्या ग्रुपवर त्याला ‘गद्दार’ म्हटले गेले. मी हसण्याचे चिन्ह टाकून विषय संपवला. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी त्याच ग्रुपवर जे लिहिले जाते ते वाचून लाज वाटते, कारण मुलांना सरावाला नेण्या-आणण्याची पाळी ज्या शेजाऱ्यांबरोबर आम्ही वाटून घेतली आहे ते लाहोरचे आहेत. आयपीएलमधला पैसा, सट्ट्याच्या जाहिराती, प्रेक्षकांची शिवीगाळ हे काहीच पटत नाही, पण सामना सुरू झाला की मी सगळे विसरतो. हा दुटप्पीपणा नव्हे का? मी नक्की कोणाचा, आणि माझी मूल्ये तरी कोणती?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, पण उत्तराची सुरुवात तुम्ही 26 जानेवारीला जी शपथ घेणार आहात तिच्यापासून करणे मला योग्य वाटते, कारण ज्या गोष्टीची तुम्हाला धास्ती वाटते ती त्या शपथेत मुळात नाहीच. ऑस्ट्रेलियाशी आणि तिथल्या लोकांशी निष्ठा राखीन, त्यांचा लोकशाहीवरचा विश्वास हा माझाही विश्वास आहे, त्यांच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा मी आदर करतो आणि तिथले कायदे मी पाळीन, एवढाच त्या शपथेचा आशय आहे. ईश्वराला साक्षी ठेवायचे की नाही हेसुद्धा शपथ घेणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेले आहे. ज्या राज्यव्यवस्थेने देवाचीही सक्ती केली नाही, ती मेलबर्नच्या मैदानावर तुम्ही कोणाच्या चौकाराला टाळी वाजवता याचा हिशेब मागायला येणार नाही.

भारताच्या बाजूने पाहिले तर कायदा कठोर आहे, पण त्यात संदिग्धता नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. दुहेरी नागरिकत्वाची सोय आपल्याकडे नाही. 2005 साली सुरू झालेल्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) या परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीच्या कार्डाच्या योजनेमुळे तुम्हाला दर वेळी व्हिसा न काढता सांगलीला येता येईल, हवे तितके राहता येईल, घरही विकत घेता येईल. मात्र मतदान करता येणार नाही आणि शेतजमीन खरेदी करता येणार नाही. जे जाते आहे ते खरोखरच जाते आहे, आणि त्याचे दुःख होत असेल तर ते होऊ द्यावे. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेण्याचा हक्क ही लहान गोष्ट नव्हे, आणि ओसीआय कार्ड मिळाले की काहीच बदलत नाही असे सांगून तुमची समजूत काढणारे मित्र तुमच्याशी पुरते प्रामाणिक नाहीत. पण मेलबर्नला सकाळी साडेदहाला पहिला चेंडू पडतो तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे पाच वाजलेले असतात, आणि त्या वेळी थंडीत शाल गुंडाळून, घरातल्या इतरांची झोपमोड नको म्हणून आवाज बारीक करून दूरदर्शन संच लावण्याची जी सवय तुमच्या पिढीला लागली, ती पासपोर्टच्या कोणत्याही पानावर नोंदवलेली नव्हती. पासपोर्ट परत करताना ती सवय सोबत जमा करावी लागत नाही.

आता ‘गद्दार’ या शब्दाकडे येते. तुमच्या पत्रात त्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे, पण माझ्या मते सगळ्या पत्राचा गाभा तिथेच आहे. 1990 साली ब्रिटनमधल्या हुजूर पक्षाचे एक ज्येष्ठ नेते नॉर्मन टेबिट यांनी एका मुलाखतीत असे म्हटले होते की, तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांपैकी बरेच जण क्रिकेटच्या परीक्षेत नापास होतात. ते कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतात ते पाहा. हे विधान त्या देशातल्या भारतीय, पाकिस्तानी आणि कॅरिबियन घरांना किती झोंबले, याच्या आठवणी आजही तिथले लोक सांगतात, आणि ते झोंबणे योग्यच होते. कर भरणारा, रुग्णालयात रात्रपाळी करणारा, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जाणारा माणूस केवळ गावसकरच्या शतकावर खूश होतो म्हणून त्याची निष्ठा संशयास्पद ठरवणे हा अन्याय होता. तुमच्या ग्रुपवरच्या मित्रांना कोणी टेबिट यांचे म्हणणे वाचून दाखवले तर ते सगळे संतापतील. पण त्यांनी तीच परीक्षा एका तेरा वर्षांच्या मुलाला लावली, तीही अशा मुलाला जो मेलबर्नमध्ये जन्मला, ज्याचे मास्तर, मित्र, क्लबचा कर्णधार आणि घरासमोरचे मैदान सगळे ऑस्ट्रेलियात आहे. त्याने कोणाशी गद्दारी केली? जो देश त्याने कधी सोडलेलाच नाही, त्या देशाची टोपी त्याने घातली, इतकेच.

आणि ही परीक्षा आपण परदेशात शिकलो असेही नाही. आपल्याच गावांत, चहाच्या टपरीवर, सामन्याच्या दिवशी मुसलमान शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहून ‘आज तुमचं काय, कोणाकडून?’ असे विचारणारे लोक आपण लहानपणापासून पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा ती थट्टा समजून आपण चहा पीत राहिलो आहोत. 24 ऑक्टोबर 2021 रोजी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले, तेव्हा अकरा जणांच्या पराभवाचे खापर समाजमाध्यमांवर एकट्या मोहम्मद शमीच्या माथी फोडले गेले, आणि ते त्याच्या गोलंदाजीमुळे फोडले गेले नाही हे सर्वांना कळत होते. त्या वेळचा कर्णधार विराट कोहली याने पुढच्याच आठवड्यात पत्रकारांसमोर स्पष्ट शब्दांत त्याची बाजू घेतली आणि धर्मावरून कोणावर हल्ला करणे हे माणूस करू शकेल असे सर्वांत हीन कृत्य असल्याचे सांगितले. कोहलीकडे तेव्हा गमावण्यासारखे बरेच होते. तुमच्या ग्रुपवर तुमच्याकडे गमावण्यासारखे काय होते, याचा विचार तुम्ही एकदा शांतपणे करावा असे मला वाटते.

2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतरचे दिवस तुम्हाला आठवत असतील. 19 नोव्हेंबरला अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने 137 धावा काढल्या, भारताच्या 240 धावा ऑस्ट्रेलियाने चार गडी गमावून पार केल्या, आणि मेलबर्नमध्ये तो सामना संपेपर्यंत पहाटेचे जवळजवळ तीन वाजले होते. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या घरच्यांना जे घाणेरडे संदेश गेले त्यांत ग्लेन मॅक्सवेलची पत्नी विनी रामन हिलाही गेले. ती मेलबर्नमध्येच तमिळ कुटुंबात वाढलेली आहे. भारतीय असूनही आपण जिथे जन्मलो आणि वाढलो त्या देशाला, आणि आपला नवरा ज्या संघातून खेळतो त्या संघाला पाठिंबा देता येतो, एवढी साधी गोष्ट तिला जाहीरपणे लिहावी लागली. तुमचा मुलगा उद्या मोठा होऊन फोनवर असेच काही वाचेल तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवेल ते हे, की आपल्याला हा शब्द याआधी कोणी लावला होता आणि त्या वेळी बाबा हसले होते.

आता आयपीएल. तुम्हाला त्या स्पर्धेची लाज वाटते आणि ती पाहिल्याशिवाय राहवतही नाही, म्हणून तुम्ही स्वतःला दुटप्पी ठरवता. पैशाबद्दल आणि जाहिरातींबद्दल तुमच्या तक्रारी रास्त आहेत. 2013 मध्ये स्पॉट-फिक्सिंगचे प्रकरण उघडकीला आले, त्यातून पुढे चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन हंगाम बाहेर राहिले, आणि त्यानंतरही प्रेक्षकांच्या खिशाकडे पाहण्याची या स्पर्धेची नजर बदललेली नाही. पण तुमच्या पहिल्या प्रश्नावरचा सर्वांत चांगला पुरावा याच स्पर्धेने दिला आहे, आणि तो तुमच्या नजरेतून सुटला आहे. अहमदाबादच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स म्हणाला होता की, प्रचंड गर्दी एकदम गप्प झालेली ऐकण्यासारखे समाधान नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते करून दाखवले. त्यानंतर एका महिन्यात झालेल्या लिलावात हैदराबादच्या संघाने त्याला 20.5 कोटी रुपयांना घेतले, कर्णधार केले, सोबत हेडलाही घेतले. 2024 च्या उन्हाळ्यात हेड सलामीला येऊन पहिल्याच षटकापासून गोलंदाजांना झोडपत होता तेव्हा हैदराबादचे प्रेक्षक त्याच्या नावाचा जयघोष करत होते. ज्यांनी नोव्हेंबरमध्ये त्याच्यामुळे जेवण टाकले असेल असे कितीतरी लोक त्यांत असणार. त्यांना कोणी गद्दार म्हटले नाही. तुमच्या सांगलीची स्मृती मानधना सिडनीच्या आणि ॲडलेडच्या संघांकडून महिला बिग बॅश या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत खेळली. मेलबर्नच्या संघाविरुद्ध ती फलंदाजीला उतरली तेव्हा टार्नीटमध्ये बसून तुम्ही कोणाच्या बाजूने होतात हे मला विचारण्याची गरज नाही. माणूस एकाच वेळी एका गावाचा, एका शहराचा, एका खेळाडूचा आणि एका देशाचा असतो, आणि या निष्ठांचा क्रम सामन्यागणिक बदलला तरी त्याच्या चारित्र्याला धक्का लागत नाही.

चारित्र्याचा प्रश्न उभा राहतो तो दुसरीकडे, आणि त्यासाठी मला तुम्हाला शंभर वर्षांहून अधिक मागे, पुण्याला न्यायचे आहे. पळवणकर बाळू यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. चर्मकार समाजातला हा तरुण पुण्यात युरोपियनांच्या क्लबच्या मैदानावर कामाला होता. खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. डावखुऱ्या फिरकीवर त्याने इतका हात बसवला की, पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे असेल तर बाळूला घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मग त्याला घेतले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत होते, त्याने बळी मिळवला की सवर्ण खेळाडू आणि प्रेक्षक जल्लोष करत होते, आणि चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपांत चहा घेत असताना बाळूला बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जात होता. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाकडून त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी रीतसर मिळाले नाही.

त्या पुणेकर प्रेक्षकांपैकी कोणाला तरी, बाळूच्या चेंडूवर टाळी वाजवताना, आपण काहीतरी विसंगत करत आहोत असे वाटले असेल का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. वाटले असेल तर त्याने काय करायला हवे होते? टाळी वाजवणे थांबवणे हे उत्तर नव्हते. ती टाळी हा त्या संपूर्ण दिवसातला एकमेव न्याय्य आवाज होता. चूक होती ती चहाच्या वेळी गप्प बसण्यात. आणि परिस्थिती बदलली ती खेळावर रुसलेल्या लोकांमुळे नव्हे, खेळावर जिवापाड प्रेम करणाऱ्यांनीच ठाम उभे राहिल्यामुळे: 1920 मध्ये कर्णधारपदाच्या बाबतीत डावलले गेल्यावर बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी हिंदू संघातून जाहीरपणे माघार घेतली, त्यावर वर्तमानपत्रांत आणि सभांमध्ये चर्चा झाली, आणि 1923 मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला. हा हिंदू संघ जिच्यात खेळत असे ती, धर्मावर संघ उभे करणारी मुंबईची स्पर्धाही पुढे महात्मा गांधींसह अनेकांच्या विरोधानंतर 1946 मध्ये कायमची बंद झाली. मुंबईचे क्रिकेट त्यामुळे मेले नाही.

म्हणून तुमच्या ‘दुटप्पीपणा नव्हे का’ या प्रश्नाचे उत्तर असे: मध्यरात्री जागून सामना पाहणे आणि त्यात रमणे हा दुटप्पीपणा नव्हे, त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. सामना संपल्यावर किंवा चालू असताना तुमच्या समोर जे बोलले जाते त्याला तुम्ही संमती देता की नाही, इथे तुमची मूल्ये ठरतात. तुमची मूल्ये कोणती हे तुम्हाला ठाऊक आहे; ती तुम्ही पत्रात नीट लिहिली आहेत. ती तुम्ही अजून ग्रुपवर लिहिलेली नाहीत.

शपथेकडे एकदा पुन्हा पाहा. तिच्यात देशाबरोबर देशातल्या लोकांशी निष्ठा राखण्याचे वचन आहे. ज्या दिवशी तुम्ही ते वचन द्याल त्या दिवसापासून लाहोरहून आलेले, तुमच्या मुलाला आठवड्यातून काही वेळा आपल्या गाडीतून सरावाला नेणारे ते कुटुंब कायद्याच्या आणि शपथेच्या दृष्टीने तुमचेच लोक झाले, आणि ग्रुपवर जे लिहिले जाते ते त्यांच्याबद्दल लिहिले जाते. भारताच्या बाजूने ओरडल्याने ती शपथ मोडत नाही. त्यांच्याबद्दलची घाण वाचून पुढे सरकल्याने मात्र तिला तडा जातो, आणि खरे तर शपथ घेण्याआधीही शेजारधर्म म्हणून जातच होता. 23 ऑक्टोबर 2022 रोजी मेलबर्नला नव्वद हजारांहून अधिक लोकांसमोर भारत-पाकिस्तान सामना शेवटच्या चेंडूपर्यंत रंगला, तेव्हा दोन्ही देशांचे लोक त्याच आगगाड्यांमधून मैदानात गेले आणि त्याच गाड्यांमधून परतले. 31 जानेवारी 1999 रोजी चेन्नईत सचिन तेंडुलकरने पाठदुखी सहन करत 136 धावा काढूनही भारत बारा धावांनी हरला, आणि चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. पाकिस्तानी खेळाडूंनी त्या टाळ्या स्वीकारत मैदानाला फेरी मारली. पाकिस्तानचा संघ येऊ नये म्हणून आपल्या मुंबईत 1991 साली वानखेडेची खेळपट्टी खणली गेली होती हेही खरे आहे. दोन्ही आपल्याच देशात घडले. यांतला कोणता वारसा मुलाला सांगायचा हे तुम्ही निवडू शकता, आणि पुढचा भारत-पाकिस्तान सामना त्या शेजाऱ्यांना घरी जेवायला बोलावून पाहणे ही त्याची चांगली सुरुवात होईल.

तुम्ही ज्या देशाचे नागरिक होणार आहात त्याच्याकडेही न मिटलेले हिशेब आहेत, आणि ते जाणून घेतल्याने तुमचा परकेपणा कमी होईल असे मला वाटते. 26 जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन. तिथे तो 1788 मध्ये ब्रिटिशांचा ताफा सिडनीला उतरल्याचा दिवस आहे आणि तिथले अनेक आदिवासी तो शोकाचा दिवस मानतात. परदेशाच्या दौऱ्यावर गेलेला पहिला संघटित ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ आदिवासी खेळाडूंचा होता. 1868 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये 47 सामने खेळले, आणि त्यांतला सर्वश्रेष्ठ खेळाडू जॉनी मुलाघ हा व्हिक्टोरियाचा, म्हणजे तुमच्याच राज्याचा. 1869 मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने कायदा करून आदिवासींच्या राहण्या-फिरण्यावर नियंत्रण आणले आणि अशा दौऱ्यांची शक्यताच संपवली. बॉक्सिंग डे कसोटीतल्या सर्वोत्तम खेळाडूला मुलाघच्या नावाचे पदक 2020 पासून दिले जाते, आणि त्याचा पहिला मानकरी होता संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्द इथे जन्मलेला अजिंक्य रहाणे. बाळूचा आणि मुलाघचा इतिहास माहीत असलेल्या मुलाला निळी टोपी की पिवळी टोपी या वादात फारसा रस उरणार नाही.

रहाणेचे नाव निघालेच आहे तर त्याच मालिकेतल्या दोन गोष्टी तुमच्या मुलाला अवश्य सांगा. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, तेव्हा भारतीय संघाने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबवला गेला आणि यजमानांच्या मंडळाने माफी मागितली. म्हणजे अपमान गिळून खेळत राहणे हे खिलाडूपण नव्हे. आणि त्याच महिन्यात ब्रिस्बेनला 328 धावांचे लक्ष्य गाठून मालिका जिंकल्यावर रहाणेने, शंभरावी कसोटी खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला सगळ्या भारतीय खेळाडूंच्या सह्यांची जर्सी भेट दिली. पुढे मुंबईला घरी परतल्यावर सोसायटीतल्या लोकांनी त्याच्यासमोर कांगारूची आकृती असलेला केक आणला, ढोलताशे वाजत होते, सगळे आग्रह करत होते, आणि त्याने तो केक कापायला नकार दिला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे आणि प्रतिस्पर्ध्याचा मान राखला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. प्रेमाने स्वागत करणाऱ्या शेजाऱ्यांना नाही म्हणणे मैदानावर तेजगती गोलंदाजाला तोंड देण्याइतकेच अवघड असते. तुमच्यासमोर ग्रुपवर हाच प्रसंग आहे.

तर प्रत्यक्षात काय करावे? मुलाशी या आठवड्यातच बोला, आणि सारवासारव करू नका. त्या दिवशी तुझ्याबद्दल जे लिहिले गेले ते चुकीचे होते आणि मी तेव्हाच तसे म्हणायला हवे होते, एवढे सांगितले तरी पुरे; त्याला प्रवचनाची गरज नाही. मग ग्रुपवर लिहा, शक्यतो सामना नसलेल्या दिवशी, म्हणजे ते रागाच्या भरात लिहिले असे कोणाला म्हणता येणार नाही. मजकूर साधा असू द्या: ‘माझ्या मुलाला गद्दार म्हटलेले मला आवडले नव्हते. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. आणि आपल्या पाकिस्तानी शेजाऱ्यांबद्दल इथे जे लिहिले जाते तेही मला मान्य नाही. तसे पुन्हा लिहिले गेले तर मी तिथल्या तिथे हरकत घेईन.’ दोन-चार जण रुसतील, एखादा तुम्हालाच गद्दार म्हणेल. पण माझा अंदाज असा आहे की, तुमच्यासारखेच मनातल्या मनात अस्वस्थ असलेले आणखी काही जण त्या ग्रुपवर आहेत, आणि कोणीतरी आधी बोलण्याची ते वाट पाहत आहेत.

सट्ट्याच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगते. तेरा वर्षांच्या मुलाला त्या दिसणारच, त्यामुळे आवाज बंद करण्यापेक्षा त्या कशा फसवतात हे त्याच्याशी बोलणे अधिक उपयोगी आहे, आणि घरातल्या कोणीही, गंमत म्हणूनसुद्धा, सामन्यावर पैसे लावायचे नाहीत हा नियम आधी तुम्ही स्वतः पाळायचा.

वडिलांना मात्र शपथविधीच्या आधी सांगा. नंतर कळले तर त्यांना नागरिकत्वापेक्षा लपवाछपवीचे दुःख अधिक होईल. संदेश पाठवू नका, फोन करा, आणि शक्य असेल तर मुलालाही बोलू द्या. काय जाते आणि काय राहते हे त्यांना स्पष्ट सांगा: मत जाईल, शेतजमीन विकत घेता येणार नाही, वारसाहक्काने येणाऱ्या जमिनीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याबद्दल सांगलीतल्या वकिलाचा सल्ला आताच घ्या. शपथ घेतल्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका. तो रीतसर परत करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, ओसीआयच्या अर्जाला ते लागते, आणि या सगळ्याला वेळ जातो. वडिलांचे वय पाहता तुम्हाला अचानक सांगलीला यावे लागू शकते, त्यामुळे ही कागदपत्रे शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी हाती घ्या. आणि यंदाही भारताच्याच बाजूने ओरडणार का, असे वडिलांनी विचारले, तर हो म्हणा आणि नातू कोणाच्या बाजूने आहे तेही त्यांना त्याच फोनवर त्याच्याच तोंडून ऐकू द्या.